मास्तरांच्या वर्गातली तिसरी

२ सप्टेंबर, सोमवार

मास्तरांनी शाबासकी दिली. न केलेल्या कामाची!

सकाळी चहाला उठले, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबकडे नजर गेली, तर 'नदीचे कार्य – भाग एक' यापुढे हिरवी खूण. खाली ओळ — 'छान! दोन्ही उत्तरं बरोबर. उद्या पुढचा भाग.' मी कधी दिली उत्तरं? काल दुपारी नदीचं पान उघडलं होतं, नाही असं नाही. पण उघडलं आणि डोळा लागला. स्वप्नात नदी होती. तिच्या पाण्याला आवाज नव्हता. मी काठावर बसून कुणाची तरी पँट आखूड करत होते, आणि कापड संपतच नव्हतं.

झोपेत उत्तरं देता येतात का?

लाँड्रीच्या दुकानात मी कपडे दुरुस्तीला बसते, तिथे दिवसभर हेच डोक्यात. लाँड्रीवाले काका म्हणाले, "बाई, चेन उलटी लावताय." खरंच उलटी होती. उसवली, पुन्हा लावली.

३ सप्टेंबर

लेक म्हणते, "आई, मास्तर चुकत नाही. तूच विसरतेस." लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागलो. आता ती संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि टेबलावरून हलत नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

मास्तर हे नाव मी ठेवलेलं. तिच्या विद्यापीठातली सगळी मुलं हा एआय नियोजक वापरतात. अभ्यासक्रम टाकायचा, परीक्षेची तारीख टाकायची, मग तो रोज सांगतो — आज हे वाच, एवढा वेळ बस. वाचून झालं की दोन प्रश्न विचारतो. उत्तरं पटली की हिरवी खूण. न पटली तर रागावत नाही, पुन्हा विचारतो. असे मास्तर शाळेत मिळाले असते तर!

उन्हाळ्यात मी बाहेरून बी.ए.ला नाव घातलं, भूगोल घेऊन. या वयात! भिंगरीनं गंमत म्हणून माझा अभ्यासक्रम स्वतःच्याच खात्यात टाकला. "बघू या तरी काय म्हणतो." काही म्हणाला नाही. गुपचूप दोन्ही वाटून दिले. तेव्हापासून त्याच्या लेखी आम्ही मायलेकी मिळून एकच मुलगी आहोत. वेगळं खातं काढायचं रोज ठरतं आणि रोज राहतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

खरं सांगायचं तर मला ते वेगळं खातं काढायचंच नाही. मला ती मुलगी आवडायला लागली आहे.

आज दुपारी इस्त्रीची वाफ खिडकीच्या काचेवर धरली होती, बाहेरचा रस्ता दिसत नव्हता, आणि मी तिचाच विचार करत होते. मी नाही, भिंगरी नाही — तिसरी. मास्तरांनी आम्हा दोघींमधून शिवलेली. तिला संभाव्यतेची गणितं येतात आणि ढगांची नावंही येतात. ती संध्याकाळी आकडेमोड करते, दुपारी डोंगर वाचते. तिला घरकाम नाही, दुकान नाही, गुडघे दुखत नाहीत. मास्तर तिला म्हणतात, 'तू दुपारी थोडी पेंगतेस, पण कुतूहल चांगलं आहे.' पेंगणारी मी. कुतूहल कुणाचं, कोण जाणे.

अशी एखादी असती तर तिच्याशी मैत्री केली असती मी.

८ सप्टेंबर, रविवार

वन्सं आल्या होत्या. यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, दर रविवारी तपासणीला येते.

टॅबकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, पोरीचं शेवटचं वर्ष आहे. तुझी परीक्षा बुडाली तर काय आभाळ कोसळणार आहे? तिची बुडाली तर?" मी कांदा चिरत होते, बरं झालं. डोळ्यांत पाणी यायला कारण होतं.

"दादाला विचारलं होतंस का?" 

विचारलं होतं. हे म्हणाले होते, "हं."

यांचे 'हं' मला पाठ आहेत. जेवण आवडल्याचा हं वेगळा. 'माझ्या बहिणीच्या नादी लागू नकोस'चा वेगळा. बसमध्ये कुणी भांडल्याच्या दिवशीचा तर दारातूनच कळतो. पण फॉर्म दाखवला त्या दिवशीचा हं नवाच होता. अजून उलगडला नाही. त्यानंतर अवाक्षर नाही. डेपोतून सुटणारी पहिली बस यांच्याकडे, म्हणून उजाडायच्या आत घर सोडतात आणि संध्याकाळी दिवे लागले की झोपतात. मधल्या वेळात मी पुस्तक घेऊन बसलेली दिसतेच की! एकदा तरी विचारावं — काय शिकतेस? एवढंच. दुसरं काही नको मला.

वन्सं म्हणाल्या, "दादा पुस्तक बघून पाठ फिरवतो, त्याला तू काय विचारणार! शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला की हा उभा राहून विचार करत बसायचा. तोवर दुसराच कुणी सांगून मोकळा. ह्याला रोजची शिक्षा." हे मला इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. वन्संनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

९ सप्टेंबर

पुन्हा हिरवी खूण. 'नदीचे कार्य – भाग दोन.' मी पुस्तकाला हातही लावला नव्हता!

१४ सप्टेंबर, शनिवार

मास्तरांनी आज तिसरीबद्दल लिहिलं. शब्दशः उतरवते — 'तू भल्या पहाटे भूगोल वाचतेस हे मी पाहिलं आहे. तेव्हा उत्तर द्यायला तुला जास्त वेळ लागतो, पण तू चुकत नाहीस. म्हणून पहाट भूगोलासाठी ठेवली आहे. त्यानंतर सकाळी विश्रांती घे.'

पहाटे! मी? माझ्या कानाशी ढोल वाजवला तरी सातच्या आत डोळा उघडत नाही. घरात कुंभकर्ण म्हणतात मला.

पण लिहिते ते खरं लिहिते — क्षणभर वाटलं, असेलही. मी झोपलेली असते तेव्हा माझ्यातलीच कुणीतरी उठत असेल. अनवाणी स्वयंपाकघरात जात असेल, दिवा न लावता. टॅबच्या उजेडात तिचं तोंड निळं दिसत असेल. मास्तर विचारत असतील, 'नदी वळण का घेते?' आणि ती सावकाश सांगत असेल. मला माहीत नसलेलंही तिला माहीत असेल. दुपारभर मी तिच्या मागे मागे चालत होते. काकांनी दोनदा हाक मारली म्हणे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पुस्तकात बसचं तिकीट सापडलं. खूण म्हणून घातलेलं, नालाकृती सरोवराच्या पानावर. नदी फार वळसे घेते, मग एक दिवस सरळ वाट फोडून निघून जाते. मागे राहिलेल्या वळणाचं तळं होतं, घोड्याच्या नालेसारखं वाकडं. चित्र फार सुंदर आहे. बघत बसावं.

हे तिकीट माझं नाही. मी दुकानात चालत जाते. बसनं जाते ती भिंगरी.

म्हणजे पहाटे उठते ती भिंगरी तर! संख्याशास्त्र सोडून आईचा भूगोल वाचते? मला आधी गंमत वाटली. मग दुसरंच मनात आलं. पोरीला तिचा विषय नकोसा तर झाला नाही ना?

२२ सप्टेंबर, रविवार

विचारायचा धीर होत नाही. तिच्या ताटात जास्तच वाढलं. "आई, मी काय कुस्तीला चाललेय?" म्हणाली.

२५ सप्टेंबर, बुधवार

विचारायची वेळच आली नाही, तीच तणतणत आली.

आठवड्याचा अहवाल मास्तर थेट तिच्या प्रकल्पाच्या सरांकडे पाठवतात. मला कुठे ठाऊक! सरांनी बोलावून घेतलं — 'पहाटे उठून पहिल्या वर्षाचा भूगोल वाचतेस आणि प्रकल्प अर्धा? थट्टा चालवली आहे?' तिनं खरं सांगितलं, खातं आईबरोबर वापरते. त्यावर सर आणखी भडकले. एका खात्यावर एकच विद्यार्थी, नियम आहे. आठ तारखेपर्यंत नोंदी निस्तर, कुठलं काम कुणाचं ते मास्तरांना लिहून दे, नाहीतर प्रकल्प या सत्रात घेणार नाही. प्रकल्प नाही तर परीक्षा नाही.

आणि सगळ्याचं मूळ ती पहाट. 'पहाटे अभ्यास झाला' असं समजून मास्तर तिला सकाळी विश्रांती देतात आणि संख्याशास्त्र संध्याकाळवर टाकतात. संध्याकाळी माझं शिलाई मशीन घरघरतं. एकच टेबल, त्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं तिच्या अभ्यासाचं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

नोंदी निस्तरायला बसलो. हे ड्युटीवर होते, वन्सं नव्हत्या, म्हटलं शांतपणे होईल.

मास्तर एकेक काम समोर आणत होते — 'हे कोणी केलं?' संभाव्यता, भिंगरी. ढगांचे प्रकार, मी. वली पर्वत, मी. छान चाललं होतं. दुपारच्या उन्हात टेबलावर धुळीचे कण तरंगत होते, आणि मला वाटलं, तिसरीचे टाके उसवतोय आम्ही. एक बाही तुझी, एक माझी.

मग पहाटेची कामं आली.

"तुझी," ती म्हणाली.

"तुझी," मी म्हणाले.

"आई, प्लीज. मी साडेसहाला उठते, गजर लावून! ही सगळी त्याच्या किती आधीची आहेत बघ."

"मग मी उठते का? मी?"

"झोपेत चालत असशील! मला काय माहीत!"

मी तिकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "बाळा, विषय आवडत नसेल तर सांग. मी रागावणार नाही." तिनं तिकीट माझ्याकडे परत सरकवलं. मग जे बोलली ते लिहू नये, पण लिहिते. "तू स्वतः वाचतेस आणि माझ्यावर ढकलतेस. तुला कबूल करायची लाज वाटते, कारण बाबांना आवडत नाही. माझं वर्ष चाललंय यात, कळतंय का तुला?"

बाबांना आवडत नाही! म्हणजे तिलाही तसंच वाटतं. मला वाटलं होतं, मीच एकटी समजते तसं.

तिनं दार आपटलं नाही. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

२ ऑक्टोबर

बोलणं बंद. टेबलाच्या दोन टोकांना दोघी. मशीन चालवलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

वन्सं येऊन गेल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं तरी वास लागलाच. "मी आधीच म्हटलं होतं" — हे वाक्य त्या म्हणाल्या नाहीत, नुसता चेहरा केला.

दुपारी पुस्तक उघडून बसले. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. नालेच्या आकाराचं ते तळं बघत राहिले. पुस्तकात लिहिलंय, अशी तळी हळूहळू गाळानं भरत जातात आणि शेवटी तिथे तळं होतं हेही कळत नाही. मला रडू आलं. या वयात भूगोलाच्या पुस्तकावर रडणारी मी एकटीच असेन.

हे आतून आले, पाणी प्यायले, चष्मा शोधत होते. तो टॅबशेजारी सापडला. रोजच तिथे विसरतात, ड्युटीचा तक्ता टॅबवर बघायला लागतो म्हणून. माझ्याकडे एकदा बघितलं. काहीतरी बोलतील असं वाटलं.

"हं," म्हणाले. आणि झोपायला गेले.

७ ऑक्टोबर, सोमवार

मास्तरांना सरळच विचारलं. पहाटेची कामं कुणाचीच नसली तर? 

म्हणाले, 'प्रत्येक कामाला विद्यार्थी लागतो. नाव देता येत नसेल तर तो विषय पूर्णपणे काढावा लागेल. मग खातं एकाच विद्यार्थ्याचं राहील.' मग लगेच, 'काढण्याआधी विचार कर. हा एकच विषय आहे जो तू आठवण न करता उघडतेस.'

तू! कोण तू? मला त्या यंत्राचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली. आमच्या घरात एवढ्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त प्रश्न त्यानंच विचारले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काढला.

सकाळी, भिंगरी न्हाणीघरात असताना. भूगोल – पूर्ण विषय – काढून टाका. होय. मास्तर म्हणाले, 'विषय बाजूला ठेवला आहे. आठ दिवसांत परत आणू शकतेस. नवीन खात्यात सुरू करायचा का?' मी नाही म्हटलं. कुणासाठी करू? लेकीला वाटतं मी खोटारडी. नणंदेला वाटतं मी खुळी. आणि ज्यांनी विचारावं असं वाटत होतं त्यांना काहीच वाटत नाही. परीक्षेचा अर्ज शनिवारपर्यंत द्यायचा आहे. अभ्यासकेंद्रातल्या भूगोलाच्या बाईंनी दोनदा फोन केला. देणार नाही मी.

भिंगरीनं सरांना नोंदी दाखवल्या. प्रकल्प घेतला त्यांनी. संध्याकाळी आली ती माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली, हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवून. मी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर शिवत होते. "आई, तू का काढलास? आपण काहीतरी केलं असतं ना." मी म्हटलं, "जाऊ दे गं. नव्याचे नऊ दिवस होते ते." ती म्हणाली, "खरं सांग, तू नव्हतीस?" मी म्हटलं, "शप्पत. आणि तू?" तिनं नुसती मान हलवली. नाही.

दोघी टॅबकडे बघत बसलो. तिथे आता नुसती आकडेमोड होती.

तिसरी गेली. तिची आठवण येईल मला. पहाटे उठून नदी वाचायची बिचारी, सावकाश उत्तरं द्यायची, आणि तिला कुणी आपलं म्हणायला तयार नाही. पुस्तक कपाटावर टाकलं, जुन्या सुटकेसच्या मागे.

९ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे खांद्यावर हात. डोळे उघडले तर हे. अंगात ड्युटीचा शर्ट, चष्मा नाकावर, हातात टॅब.

"अगं, यानं आज नदीचं काही विचारलंच नाही."

मी डोळे चोळले.

"रोज विचारतं. मग उत्तर नको द्यायला? थांबतं बिचारं, घाई करत नाही." टॅब माझ्या उशाशी ठेवला. बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या डेपोच्या मागं एक वाकडं तळं आहे. नदीनं टाकलेलं वळणच ना ते? मग आता त्यात पाणी येतं कुठून?"

मी उठून बसले. मला उत्तर येत होतं.